लारिनमचं विष : एक फसलेला कट आणि आठ वर्षांची कोर्टबाजी

मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, सर, रोम म्हटलं की तुम्ही सेनापती आणि लढाया यांतच अडकता. रोमची माणसं घरात कशी राहत होती ते कधी सांगणार? तक्रार रास्त होती. म्हणून आज आम्ही एक घर निवडलं आहे. ते घर काही फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरातल्या तरुण मुलाला विष घालण्याचा घाट त्याच्या सावत्र बापाने घातला. तो फसला. आणि त्या फसलेल्या कटातून जे खटले निघाले ते इ.स.पू. ७४ पासून इ.स.पू. ६६ पर्यंत रोमच्या न्यायव्यवस्थेला पुरले. मुलाचं नाव औलुस क्लुएंटियस हाबिटस. गाव लारिनम.

हे लारिनम म्हणजे आजचं लारिनो, इटलीच्या मोलिसे प्रांतात, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला. गाव लहान, पण तिथली बडी घराणी पैसेवाली, एकमेकांत सोयरिकी केलेली, आणि सोयरिकी जितक्या तितकी भांडणंही. आपल्यापैकी जे तालुक्याच्या गावात वाढले असतील त्यांना अशा गावाची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही.

आता साधनांविषयी. ही सगळी हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः एकाच ठिकाणाहून, सिसेरोने इ.स.पू. ६६ मध्ये क्लुएंटियसच्या बचावासाठी केलेल्या भाषणातून. सिसेरोच्या उपलब्ध भाषणांत हे फार लांबलचक भाषणांपैकी एक आहे. म्हणजे आपला एकमेव साक्षीदार हा एका पक्षाचा वकील आहे. एवढं वाक्य तेवढं मनाशी धरून ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

तर घर असं. थोरला क्लुएंटियस, म्हणजे वडील, इ.स.पू. ८८ मध्ये वारले तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. मागे आई सासिया, आणि एक मुलगी, लग्नाच्या वयाची. मुलीचं लग्न नात्यातल्याच औरियस मेलिनस नावाच्या तरुणाशी झालं. संसार बरा चालला होता. मग सासियाचं मन जावयावर गेलं. मुलीने घटस्फोट घेतला आणि सासूने जावयाशी लग्न लावलं. सिसेरो सांगतो, की दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी जो पलंग सजवला होता तोच सासियाने आपल्यासाठी त्याच घरात पुन्हा मांडायला लावला. हा पलंग खरा की वकिलाच्या कल्पनेतला, कोण जाणे. पण न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढून तो हलला नसणार. मुलाने आईशी बोलणं टाकलं.

मग या घरात ओप्पियानिकस येतो. त्याच्या नावावर सिसेरोने जे गुन्हे लावले आहेत त्यांची नुसती यादी वाचायची तर आपला अर्धा तास जाईल. सासू दिनेआ हिला एका फिरत्या वैदूकरवी संपवलं, तिचं मृत्युपत्र बदललं. तरुणपणी युद्धात पकडला जाऊन गुलाम झालेला तिचा मुलगा उत्तरेत जिवंत आहे असा पत्ता लागल्यावर त्यालाही मारवलं. मेहुण्याच्या गरोदर विधवेला पैसे देऊन गर्भपात करवला, कारण मूल जन्मलं असतं तर वारसा त्याच्याकडे गेला असता. गावाने जाब विचारला तेव्हा तो पळून गेला. पुढे सुल्लाची सरशी झाली, आणि हा हत्यारबंद माणसं घेऊन परतला. सुल्लाने आपल्याला नेमलं आहे असं सांगून त्याने गावच्या निवडून दिलेल्या चौघा अधिकाऱ्यांना हाकललं, आणि ज्यांनी त्याच्यावर खटल्याची धमकी दिली होती त्यांना ठार केलं. त्या मारलेल्यांत मेलिनसही होता. सासियाचा नवरा.

आणि सासियाने लग्न केलं ते याच ओप्पियानिकसशी. तिची अट म्हणे एकच होती, त्याला तीन मुलगे आहेत ते नकोत. दहा दिवसांच्या आत त्यांतले दोन धाकटे गेले. एक आईजवळ तेआनममध्ये वाढत होता. त्याला लारिनमला बोलावून घेतलं, दिवस मावळायच्या आत तो मेला, आणि उजाडायच्या आत त्याला जाळूनही टाकलं.

आम्ही जाणूनबुजून हे भरभर सांगितलं. यातलं बरंचसं कधीच कोर्टात सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालं ते पुढचं, आणि तेच आजचं आपलं प्रकरण.

ओप्पियानिकसला सावत्र मुलगा का नको होता? रोमन न्यायाधीशांत लुशियस कॅसियस म्हणून एक कडक माणूस होऊन गेला. प्रत्येक खटल्यात तो एकच विचारायचा, यात फायदा कुणाचा? इथे फायदा उघड होता. क्लुएंटियसने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. का केलं नव्हतं, तर असल्या आईला काही ठेवावं असं त्याला वाटेना, आणि आईचं नाव मृत्युपत्रातून गाळावं हेही त्याच्याच्याने होईना. सिसेरोचं म्हणणं, तो तसाच मेला असता तर सगळी इस्टेट आईकडे गेली असती. आणि आईकडे म्हणजे नवऱ्याकडे. माणूस ज्या हळव्या कोपऱ्यापायी कागद करत नाही, तोच कोपरा त्याच्या जिवावर उठतो. कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कुठल्याही घराला हे सांगायला नको. शिवाय एक गावकीचं भांडणही होतं. लारिनममध्ये मार्स देवाच्या सेवेला वाहिलेले लोक होते. ते स्वतंत्र रोमन नागरिक आहेत असा दावा ओप्पियानिकसने लावून धरला, आणि गावाच्या वतीने त्याविरुद्ध रोममध्ये उभा राहिला तो क्लुएंटियस.

इ.स.पू. ७४. क्लुएंटियस आजारी होता. त्याच्यावर उपचार करत होता क्लिओफँटस नावाचा वैद्य, चांगलं नाव असलेला. वैद्याच्या हाताखाली डायोजेनीस नावाचा गुलाम होता. रोग्याला औषध पाजायचं काम त्याचं. ओप्पियानिकसचा जवळचा दोस्त गायस फॅब्रिशियस, अलेट्रियम गावचा. फॅब्रिशियसचा एक मुक्त केलेला गुलाम, स्कॅमँडर. आता साखळी बघा. ओप्पियानिकस स्वतः कुठेच दिसत नाही. तो फॅब्रिशियसला सांगतो, फॅब्रिशियस स्कॅमँडरला पुढे करतो, स्कॅमँडर डायोजेनीसला पैशाचं आमिष दाखवतो.

डायोजेनीसने काय केलं? त्याने मालकाला सगळं सांगितलं. वैद्याने क्लुएंटियसला सांगितलं. क्लुएंटियसने मार्कस बेबियस या सिनेटरचा सल्ला घेतला, आणि त्या सल्ल्यावरून वैद्याकडून डायोजेनीसला विकत घेतलं, म्हणजे पुरावा हाताशी राहील. थोड्याच दिवसांत सापळा लागला. बरीच प्रतिष्ठित माणसं आडोशाला उभी केली, आणि स्कॅमँडरला विषासकट आणि मोहोरबंद पैशांसकट रंगेहाथ पकडलं.

इथे क्षणभर थांबू. या सगळ्या गोष्टीत ज्या एका माणसाने काही घेतल्याशिवाय दुसऱ्याचा जीव वाचवला तो हा डायोजेनीस. आणि त्याला मिळालं काय? त्याची विक्री झाली. सिसेरो हे सहज, जाता जाता सांगतो, जणू यात सांगण्यासारखं काही नाहीच.

सभेत वकील मंडळी दिसताहेत, म्हणून एक कायद्याचा मुद्दा. विष अजून रोग्याच्या पेल्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, आताच्या न्याय संहितेत १०९, खुनाच्या प्रयत्नाचं. पण 'तयारी' संपून 'प्रयत्न' कुठे सुरू होतो यावर आपल्याकडे केवढा खल चालतो! रोमन कायद्याला ही अडचण नव्हती. सुल्लाने इ.स.पू. ८१ मध्ये खून आणि विषप्रयोग यांवर जो कायदा केला त्यात मारण्याच्या हेतूने विष तयार करणं, विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, सगळंच गुन्हा होतं. त्यामुळे कट फसला तरी खटला मजबूत होता.

एकाच न्यायमंडळापुढे, गायस युनियसच्या अध्यक्षतेखाली, तीन खटले ओळीने चालले. आधी हस्तक, मग मध्यस्थ, मग सूत्रधार.

पहिला स्कॅमँडर. त्याचा वकील कोण असेल? सिसेरो! होय, तोच सिसेरो. अलेट्रियमचे लोक त्याच्या आर्पिनम गावाचे शेजारी; ते विनवायला आले, म्हणून याने वकीलपत्र घेतलं. डायोजेनीसकडून मिळायचं होतं ते औषध, विष नव्हे, असा काहीसा बचाव त्याने उभा केला. स्कॅमँडर पहिल्याच सुनावणीत दोषी ठरला. त्याच्या बाजूने मंडळातलं एकच मत पडलं. आणि आठ वर्षांनी हाच सिसेरो दुसऱ्या बाजूने उभा राहून शांतपणे सांगतो, की कट तर सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ होता.

दुसरा फॅब्रिशियस. त्याची बाजू मांडायला सेपासियस नावाचे दोघे भाऊ होते. भाषणाची हौस मोठी. थोरल्या सेपासियसने शेवटी करुणरसाचा जो ठेवणीतला भाग राखून ठेवला होता तो काढला: न्यायाधीशहो, माणसाचं नशीब पाहा, या म्हाताऱ्या गायस फॅब्रिशियसकडे पाहा! 'पाहा, पाहा' असं बऱ्याचदा म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, आपणही एकदा पाहावं. वळून बघतो तो बाक रिकामा. अशील मान खाली घालून कधीच सटकला होता. सगळं न्यायमंडळ हसायला लागलं. वकिलाचा राग अनावर. भाषणाचा हातखंडा भाग वाया गेला ना! जवळजवळ धावत जाऊन अशिलाला मानगूट धरून परत आणायच्या बेतात होता तो, म्हणजे उरलेलं भाषण पुरं करता आलं असतं. फॅब्रिशियसही दोषी ठरला. स्वतःच्या पायांनी आपला निकाल सांगून गेला बिचारा.

आता ओप्पियानिकस. दोघे साथीदार दोषी ठरल्यावर त्याचं काय होणार हे शेंबडं पोरही सांगेल. उरला मार्ग पैशाचा. स्कॅमँडरला ज्याने एकट्याने निर्दोष म्हटलं होतं तो न्यायाधीश म्हणजे स्टायेनस. ओप्पियानिकसने त्याला गाठलं. सौदा ठरला ६,४०,००० सेस्टर्सना. रोमच्या साध्या सैनिकाला त्या काळात वर्षाला साडेचारशे-पाचशे सेस्टर्सच्या आसपास मिळत. म्हणजे हजाराहून जास्त सैनिकांचा वर्षाचा पगार एका माणसाच्या घरात येऊन पडला. न्यायमंडळ ३२ जणांचं, सगळे सिनेटर. मतं समसमान पडली तर आरोपी सुटतो. म्हणजे १६ मतं हवीत, प्रत्येकी ४०,०००. गुणाकार करून पाहा, बरोबर जुळतो. सिसेरोने कोर्टात हाच गुणाकार करून दाखवला.

स्टायेनस घरी पैशांच्या राशीसमोर बसला आणि विचार करू लागला. हे वाटून टाकले तर आपल्याला उरणार काय? आणि ओप्पियानिकस दोषी ठरून हद्दपार झाला तर परत मागायला येणार कोण? मग त्याने बुल्बस आणि गुट्टा या दोघा सहकाऱ्यांना आधी वचन दिलं, मग हळहळत सांगितलं, की ओप्पियानिकसने शब्द मोडला, पैसे काही येत नाहीत. झालं. ज्यांना निर्दोष म्हणण्यासाठी लाच मिळायची होती तेच चिडून दोषी म्हणायला तयार झाले. बुल्बस म्हणजे कांदा आणि गुट्टा म्हणजे थेंब. मसाल्याला कांदा आणि वर थेंबभर फोडणी, असा विनोद सिसेरोने केला आहे. पांचट आहे, पण कोर्टात चालला असावा.

मतदानाच्या दिवशी स्टायेनस जागेवर नाही! दुसऱ्या कोर्टात कसल्याशा खासगी खटल्यात गुंतलेला. ओप्पियानिकसचा वकील क्विंटियस हा लोकांनी निवडलेला ट्रिब्यून. त्याने हट्ट धरून स्टायेनसला आणवलं, आपलं मत आहे म्हणून! मतदान गुप्त की उघड, हे ठरवायचा हक्क आरोपीला होता. ओप्पियानिकसने उघड मागितलं, पैसे खाल्लेले डोळ्यांना दिसावेत म्हणून. चिठ्ठ्यांत योगायोगाने पहिले तिघे निघाले बुल्बस, स्टायेनस आणि गुट्टा. तिघांनीही सांगितलं: दोषी.

सभागृहातल्या त्या क्षणाची कल्पना करा. पुढच्या सज्जन न्यायाधीशांना कळेना, आपण काय म्हणावं. हे तिघे विकले गेले आहेत हे सगळ्यांना ठाऊक. पण विकले कुणाला? आरोपीला म्हणावं तर 'दोषी' का म्हणताहेत? म्हणजे फिर्यादीने विकत घेतलेले? आरोपी गुन्हेगार असावा असं पुराव्यावरून दिसतं, आणि निकाल मात्र बाजारात झाला असावा असं समोर दिसतं. काहींनी सांगितलं, प्रकरण स्पष्ट नाही. पाच जणांनी निर्दोष म्हटलं. बाकीच्यांनी दोषी. ओप्पियानिकस हद्दपार झाला.

आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रसंग नेहमी विद्यार्थ्यांपुढे ठेवत असू. समजा, तुम्ही त्या मंडळात चौथे आहात. पुराव्यावरून तुमची खात्री आहे की माणूस दोषी. पण तुमचं मत आता विकत घेतलेल्या तीन मतांच्या रांगेत जाऊन बसणार. खरं बोलाल तर लाचखाऊंत गणले जाल. वेगळं बोलाल तर अप्रामाणिक ठराल. मुलं तासन् तास भांडत. आमचा स्वतःचा कल 'स्पष्ट नाही' म्हणणाऱ्यांकडे कधीच नव्हता. त्यांनी स्वतःचे हात स्वच्छ ठेवले, एवढंच.

क्विंटियस ट्रिब्यून होता, गप्प बसणारा नव्हता. त्याने रोज सभा घेऊन सांगायला सुरुवात केली की क्लुएंटियसने पैसे चारून निरपराध माणसाला घालवलं. अध्यक्ष युनियसला दंड झाला, त्याची कारकीर्द संपली. ओप्पियानिकसचे पैसे स्टायेनसकडे सापडले, ते परत करावे लागले. पुढे तो, बुल्बस आणि गुट्टा वेगवेगळ्या खटल्यांत दोषी ठरले. इ.स.पू. ७० मध्ये सेन्सॉर अधिकाऱ्यांनी त्या मंडळातल्या काही जणांच्या नावावर ठपका ठेवला, क्लुएंटियसच्या नावावरही. 'युनियसचं कोर्ट' हा रोममध्ये शिवीसारखा शब्द झाला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि न्यायमंडळांत सिनेटरांची मक्तेदारी संपली. एका गावातल्या सावत्र बापाचं विष राज्यघटनेच्या वादापर्यंत पोचलं ते असं; एकट्या याच खटल्यामुळे कायदा बदलला असं मात्र समजू नका, इतरही बरंच साचलं होतं.

ओप्पियानिकस हद्दपारीत इकडून तिकडे भटकत राहिला. इ.स.पू. ७२ च्या सुमारास रोमच्या वेशीबाहेर खोली घेऊन राहत असताना घोड्यावरून पडला, कुशीत मार बसला, ताप आला आणि थोड्याच दिवसांत मेला. हे सिसेरोचं म्हणणं. सासियाचं म्हणणं वेगळं होतं: तिच्या मुलाने त्याला पावातून विष घातलं.

आणि इथून जे सुरू होतं ते आम्हाला या प्रकरणातलं सगळ्यात काळं पान वाटतं. गुलामांची साक्ष रोमन कायद्यात छळ करूनच घेत. त्याशिवाय तिला किंमत नव्हती. सासियाने स्ट्रेटो नावाचा वैद्यकी जाणणारा एक गुलाम विकत घेतला आणि प्रतिष्ठित मंडळींना बोलावून त्यांच्यासमोर त्याचा आणि आणखी दोघांचा छळ करवला. काही निघेना. पुन्हा केला, जास्त. तरी निघेना. शेवटी जमलेल्या पाहुण्यांनाच ते बघवेना. त्यांनी सांगितलं, पुरे, खरं काय ते कळलं. पुढे सासियाने त्याच स्ट्रेटोला लारिनममध्ये दवाखाना थाटून दिला. तीन वर्षं गेली. मग तिच्या घरात चोरी झाली. कपाटाचा तळ वाकड्या करवतीने कापलेला, रोकड आणि सोनं गायब, दोन नोकर मारून तळ्यात टाकलेले. असली करवत नुकतीच लिलावात गेली होती, ती कुणी घेतली याचा माग निघाला आणि स्ट्रेटो सापडला. आता गंमत बघा, अर्थात गंमत म्हणायची जीभ होत नाही. चौकशी चोरीची, पण नोंदवलेल्या जबाबात चोरीविषयी एक अक्षर नाही. आहे ती ओप्पियानिकसच्या मृत्यूची कबुली, तीन वर्षांपूर्वी जी दोन छळांत निघाली नव्हती. मग स्ट्रेटोला क्रूसावर चढवलं. त्याआधी त्याची जीभ कापली होती.

त्या जबाबाच्या जोरावर इ.स.पू. ६६ मध्ये क्लुएंटियसवर खटला भरला गेला. फिर्यादी कोण, तर धाकटा ओप्पियानिकस, ज्या वडिलांनी सावत्र मुलाला मारायचं ठरवलं त्यांचा वाचलेला मुलगा. सासियाने त्याला मेलिनसपासून झालेली आपली मुलगी दिली होती. म्हणजे क्लुएंटियसविरुद्ध त्याची आई, सावत्र भाऊ आणि सावत्र बहीण. खटल्यासाठी सासिया स्वतः लवाजमा घेऊन लारिनमहून रोमला आली. तिकडे लारिनमच्या पंचसभेने ठराव करून आपल्या माणसांना क्लुएंटियसची बाजू घ्यायला पाठवलं.

सिसेरो त्या वर्षी प्रेटर होता, कीर्तीच्या शिखराकडे निघालेला. त्याला खरी भीती विषाच्या आरोपांची नव्हती. ते त्याने शेवटी थोडक्यात उरकले. भीती होती जुन्या बदनामीची. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की क्लुएंटियसने न्यायमंडळ विकत घेतलं. त्यावर सिसेरोने दोन दोर धरले. एक कायद्याचा: न्यायालयीन लाचेचं ते कलम फक्त सिनेटरांना लागू होतं, आणि क्लुएंटियस सिनेटर नव्हता, दुसऱ्या वर्गातला अश्वारोही होता. दुसरा तर्काचा: लाच एकानेच दिली असणार, आणि ती ओप्पियानिकसने दिली हे आकड्यांवरून सिद्ध, म्हणून क्लुएंटियस स्वच्छ.

दिसायला बिनतोड. पण विरुद्ध बाजूनेही तयारी केली होती. त्यांनी सिसेरोचंच एक जुनं भाषण वाचून दाखवलं. इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेसच्या खटल्यात सिनेटरांच्या कोर्टांची अब्रू काढताना याच सिसेरोने नाव न घेता एका न्यायाधीशाचा दाखला दिला होता: त्याने आरोपीकडून वाटायला पैसे घेतले आणि फिर्यादीकडूनही घेतले. दोघांकडून! म्हणजे 'लाच एकानेच दिली' या तर्काचा पायाच त्याने चार वर्षांपूर्वी स्वतः उखडून ठेवला होता. सिसेरोने काय उत्तर दिलं? सांगितलं, की कोर्टातली आमची भाषणं ही आमची खासगी मतं समजू नका. ती त्या त्या खटल्याची आणि त्या त्या वेळेची असतात.

या उत्तराबद्दल आम्हाला सिसेरोचा रागही येतो आणि त्याच्याविषयी आदरही वाटतो. इतकं उघड सांगणारा वकील विरळा. पण मग दुसऱ्या क्षणी प्रश्न पडतो, की आता जे तू सासियाविषयी सांगतो आहेस तेही 'या वेळेचंच' ना?

आम्ही बरीच वर्षं ही कथा वर्गात दुष्ट आईची कथा म्हणून सांगितली. आपल्याकडे अशी बाई समोर आली की लगेच कैकेयी आठवते, आणि मग विचार करायची गरज उरत नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका विद्यार्थिनीने उभं राहून विचारलं, "सर, सासियाच्या वकिलाचं भाषण कुठे आहे?" नाही, असं म्हणालो. "मग स्ट्रेटोने चोरी केली हे तरी कशावरून?" आम्ही गप्प. तिचं बरोबर होतं. सासियाची बाजू अत्तियस नावाच्या वकिलाने मांडली. त्याचं भाषण टिकलं नाही. पलंग, दहा दिवसांत गेलेली दोन मुलं, कापलेली जीभ, सगळं एकाच तोंडून. त्या रात्री घरी जाऊन आम्ही आमच्या टिपणांची वही काढली आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या: हे तीन खटल्यांत कोर्टापुढे आलेलं, हे गावाला ठाऊक होतं असं सिसेरो म्हणतो म्हणून, हे नुसतं सिसेरोचं. पहिल्या खुणा थोड्याच निघाल्या. डायोजेनीस, स्कॅमँडर, ते विष आणि आडोशाला उभे असलेले साक्षीदार, एवढं मात्र पहिल्या रकान्यात राहिलं. कट झाला होता आणि तो फसला होता, याबद्दल आम्हाला आजही शंका नाही. लाच दोन्ही बाजूंनी दिली गेली असावी असं आता आमचं मत आहे, आणि अनेक अभ्यासकांचंही. म्हणजे क्लुएंटियस बळी होता, आणि तरी न्याय मिळेल यावर त्याचा भरवसा नव्हता. वीस-बावीस वर्षांनी लहान असतो तर आम्ही त्याला दोष दिला असता.

या खटल्याच्या निकालाचा कागद हाती आलेला नाही. पण दीडएकशे वर्षांनी वक्तृत्वशास्त्राचा आचार्य क्विंटिलियन लिहून गेला आहे, की क्लुएंटियसच्या खटल्यात आपण न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे अंधार पसरवला अशी बढाई सिसेरो स्वतःच मारत असे. हरलेल्या खटल्याची कुणी बढाई मारत नाही, म्हणून क्लुएंटियस सुटला असंच अभ्यासक धरून चालतात. सासिया लारिनमला परत गेली असणार, त्याच लांबच्या रस्त्याने.

वेळ झालेली दिसते आहे. वकील मंडळींचे हात आधीच वर आहेत, तेव्हा पहिला प्रश्न कलम ३०७ वरचा असणार हे आम्ही धरून चाललो आहोत. विचारा.